खालच्या फळीवरची वाफ

या, अशा जवळ सरका. दार लोटून घ्या, कडी नको. दिवसाउजेडी घडलेली गोष्ट आहे. देवाच्या दयेनं हिच्यात एका बाईचं घर सावरलं, म्हणून तर ती सांगायला जीभ धजते.

मी सरकारी इस्पितळाच्या शवागारात कामाला आहे. गेलेल्यांना आंघोळ घालायची, फाटलेलं शिवायचं, कापडात गुंडाळून घरच्यांच्या हवाली करायचं. खोली तळघरात. पांढऱ्या फरश्या, मधोमध मोरीकडे दिलेला उतार, भिंतीला लागून शीतपेटीच्या फळ्या. फिनेलचा वास इतका चिवट, की घरी जेवतानाही हाताला येतो. आमच्यात एक रीत आहे. कुणालाही हात लावण्याआधी सांगायचं. "दादा, पाणी घालते हं." "ताई, मान वळवते हं." गेलेल्याला ऐकू येतं की नाही, ते देव जाणे. पण न सांगता हात लावला, तर आपलाच हात आपल्याला परका वाटतो.

बसस्थानकावर स्फोट झाला तेव्हा आमचं तळघर भरून गेलं. अंगाला स्फोटकं बांधलेला एक माणूस बसच्या पुढच्या दारातून चढला होता. जे गेले त्यांना आम्ही एकेक करून नीट केलं, नाव घेऊन निरोप दिला. मागे उरला तो.

त्याचे नियम वेगळे. सर्वांत खालची फळी, स्टीलचा ट्रे, वरून पारदर्शक प्लास्टिक. सुती कापड नाही, पाणी नाही आणि बोलणं तर नाहीच. पुढे तपासाच्या पोलीस साहेबांची माणसं येतात आणि कुठेतरी पुरून टाकतात. वर खूण ठेवत नाहीत. तिथे कुणी थुंकायला जाऊ नये आणि फुलं वाहायलाही. पुढच्या दाराशी जे जे सापडलं ते सगळं त्या ट्रेमध्ये होतं. चेहरा ओळखू येत होता. एक नमुना तपासला, तो त्याचाच निघाला. एका ढिगाला एक नमुना; गर्दीच्या दिवसांत काम असंच उरकतं.

आणि बाहेर बाकावर एक बाई बसून असायची. त्या बसच्या ड्रायव्हरची बायको. तिच्या नवऱ्याचा तुकडाही सापडला नव्हता. गल्लीत कुजबुज सुरू झाली होती, की दार उघडून दिलं आणि स्वतः पळाला, म्हणजे सामीलच असणार. शाळेत तिच्या मुलीशेजारी कुणी बसेना.

"मावशी," ती मला म्हणाली, "दार त्यानंच उघडलं असणार. तो सगळ्यांनाच उघडायचा. धावत येणाऱ्यासाठी तर गाडी थांबवून उघडायचा. हा काय गुन्हा झाला का हो?"

मी तिला पाणी दिलं. दुसरं काय देणार?

एका सकाळी खालची फळी ओढली, तर प्लास्टिक आतून धुकटलेलं. हिवाळ्यात काचेवर तोंड नेलं की धुकटते, तसं. तेही फक्त उजव्या बाजूला. डावीकडे, जिथे तो चेहरा होता, तिथे लख्ख कोरडं.

शीतपेटीच्या मेकॅनिकला आम्ही गारठा म्हणतो. त्याला बोलावलं. त्यानं पेटी तपासली, रबर तपासलं, प्लास्टिक बदललं.

"मावशी, पेटी ठणठणीत आहे. आतल्यांची एक तक्रार नाही. तुम्हीच तेवढ्या कुरकुर करता."

दुसऱ्या सकाळी त्यानं स्वतः फळी ओढली. पुन्हा उजवी बाजू धुकटलेली. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. ती वाफ थोडी पसरली. आक्रसली. पुन्हा पसरली.

"मी जरा चहा घेऊन येतो," गारठा म्हणाला. तो चहा अजून यायचाय.

दुपारी साहेबांचा निरोप आला. उद्या सकाळी ट्रे घेऊन जाणार. एकदा तो गेला, की कुठे गेला हे आम्हालाही कळत नाही.

बाहेर बाकावर ती बाई डबा उघडून बसली होती, पण खात नव्हती. मी आत आले. मनात देवाचं नाव चालू होतं, हातात पुसायचं फडकं. आणि सवयीनं, अगदी सवयीनं, जिथे बोलायचं नाही तिथे माझ्या तोंडून गेलं,

"दादा, प्लास्टिक उचलते हं."

वाफ थांबली.

हाक ऐकून माणूस श्वास रोखतो ना, तशी.

मी तिथून हलले नाही. आधी त्या हल्लेखोराचं नाव घेतलं. काही नाही. मग बाहेरच्या बाईच्या नवऱ्याचं नाव घेतलं.

सगळ्या धुक्याचे थेंब झाले आणि ओघळून खाली गेले.

मागे दारात आमच्या शवागाराच्या डॉक्टरीणबाई उभ्या होत्या.

"तुम्हालाही दिसतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्हाला कधीपासून दिसतंय?"

"परवापासून. वाटलं, झोप कमी होतेय."

त्यांनी हातमोजे चढवले. उजवीकडचा नमुना घेतला. दुसऱ्या दिवशी साहेब आले तेव्हा त्या ट्रेसमोर उभ्या राहिल्या.

"तपासणी पूर्ण नाही. नेता येणार नाही."

"वर काय कारण सांगू?"

"सांगा, डॉक्टर हट्टी आहे."

तपासणीचं उत्तर आलं. उजवीकडचं सगळं ड्रायव्हरचं होतं.

बायकोला मीच सांगितलं. थोडकंच आहे बाई, पण त्याचंच आहे. ती आधी हसली. मग रडली. मग दोन्ही एकदम.

"म्हणजे तो कुठे गेलाच नव्हता! जागा सोडली नव्हती ना त्यानं?"

"नाही गं. शेवटपर्यंत सीटवर होता."

"मला ठाऊक होतं. मेला घरीसुद्धा जागचा उठायचा नाही."

मी त्याला आंघोळ घातली, सांगून सवरून, सुती कापडात बांधलं. खांदा द्यायला गल्लीतलीच माणसं आली, तीच कुजबुजणारी, माना खाली घालून. तिनं कुणालाही परत पाठवलं नाही. दुसऱ्या आठवड्यात मुलगी शाळेत गेली, शेजारी दोघी बसल्या. त्या दिवशी माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. देवा, तू बघतोस, म्हटलं.

मग साहेबांची माणसं ट्रे न्यायला आली. नियम तो नियम. तरी मी त्या डावीकडच्या चेहऱ्याला म्हटलं, "पाणी नाही घालत. पण उचलतात हं तुला." त्याच्यावरचं प्लास्टिक कोरडंच राहिलं.

मधे मात्र धुकं होतं.

लहानसं. तळहाताएवढं.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नमुना घेतला. तेवढं बाजूला काढलं. बाकीचा ट्रे गेला.

उत्तर आलं. ते त्या हल्लेखोराचं नाही, ड्रायव्हरचं नाही, गेलेल्यांपैकी कुणाचंच नाही. आणि आमच्याकडे हरवल्याची चौकशी करणारं कुणी उरलेलं नाही. बाहेरचा बाक रिकामा आहे.

त्याला आता वरच्या फळीवर ठेवलंय, सुती कापडाखाली, वर प्लास्टिक. रोज सकाळी मी आठवतील ती नावं घेते. प्रत्येक नावाला वाफ थांबते. ऐकते. आणि पुन्हा सुरू होते.

म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं. घरी जाल तेव्हा शांत बसा आणि आठवा. तुमच्या ओळखीचं कुणीतरी, बसनं जाणारं, पुष्कळ दिवसांत दिसलेलं नाही आणि तुम्ही विचारलंही नाही, असं कुणी आहे का? नाव आठवलं तर मला येऊन सांगा.

ते वाट बघतंय.