अधलं चित्र

गेमिंग कन्सोलचं नवं मॉडेल आलं, तेव्हा माझ्या साहेबांना एकच घाई होती. जुन्या मशीनवर आमचा गेम सेकंदाला तीस चित्रं दाखवायचा, नव्यावर साठ दाखवायला हवा. काम माझ्या गळ्यात पडलं, आणि खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. माझ्याआधी या जागेवर असलेल्या माणसाला ऑफिसात सगळे ‘चिकट’ म्हणायचे. त्याने कोडमध्ये गेमला तीसच्या वर जाऊ न देणारं कुलूप घातलं होतं आणि शेजारी लिहिलं होतं, ‘हे काढू नका.’ कारण दिलं नव्हतं. आळशी माणसाचं काम, असं म्हणून मी कुलूप काढून टाकलं.

चाचणीला माझी धाकटी बहीण होती. घरात तिला आम्ही बुटकी म्हणतो. नोकरी मीच लावून दिलेली, त्यामुळे आई रोज बजावायची, ‘तिला सांभाळ रे.’ माझ्या टेबलाशेजारच्या काचेच्या खोलीत, अंगात पिवळं जाकीट घालून ती दिवसभर गेम खेळायची.

साठ काही गाठेना. प्रत्येक दुसरं चित्र तीन मिलिसेकंद जास्त खात होतं. शेवटी मी चित्रं एकेक करून उघडली. पहिल्यात आमच्या गेममधल्या रुग्णालयाचा रिकामा बोळ. दुसऱ्यात तोच बोळ, पण टोकाला एक माणूस. तिसऱ्यात बोळ परत रिकामा. चौथ्यात पुन्हा तो, उजव्या अंगठ्याने डावं मनगट चोळत उभा.

“हा कुणी काढला?” मी चित्रकाराला विचारलं.

“आमचा नाही,” तो म्हणाला आणि खुर्ची मागे सरकवून उठून गेला.

मी खेळलो की माणूस टोकालाच राहायचा. बुटकी खेळली की पुढे यायचा. सोमवारी तो तिसऱ्या दारापाशी होता, बुधवारी पहिल्या.

“दादा, मान फार दुखतेय. कुणीतरी टक लावून बघतंय असं वाटतं.”

“कामाची टाळाटाळ करू नकोस,” मी खेकसलो. साहेब ऐकत होते. ती खाली बघत परत आत गेली. ते शब्द आठवले की आजही मला माझीच किळस येते.

शुक्रवारी दुपारी मी पुन्हा चित्रं उघडली. माणसाचा चेहरा अख्खा पडदा भरून होता, आणि नजर बुटकी बसते त्या खुर्चीवर. मी घाईघाईने कुलूप परत लावलं. तीसवर प्रत्येक दुसरं, अधलं चित्र काढलंच जात नाही, म्हणजे तो माणूसही नाही, असा माझा हिशोब.

मग त्या जुन्या माणसाला, ‘चिकट’ला, फोन लावला.

“कुलूप काढलं होतं. आता परत लावलंय,” मी म्हणालो.

पलीकडून त्याने विचारलं,

“लावलंस तेव्हा समोर कोण बसलं होतं?”

“माझी बहीण.”

“आधी तिला उठवायचं होतंस रे गाढवा,” तो म्हणाला. “मी लावलं तेव्हा खुर्ची रिकामी होती.” फोन कट झाला.

मी काचेकडे पाहिलं. बुटकी शांत बसली होती. मला पाहून ती उठली, बाहेर आली.

“मान कशी आहे?” मी विचारलं.

“आता काहीच दुखत नाही.”

ती उजव्या अंगठ्याने डावं मनगट चोळत होती.

मी खुर्ची वळवली आणि कुलूप काढलं.

पहिलं चित्र. रिकामा बोळ.

दुसरं चित्र.

बोळाच्या पार टोकाला कुणीतरी बुटकं उभं होतं. अंगात पिवळं जाकीट. दोन्ही हात वर, एखादं दार बडवावं तसे. तोंड उघडं.

चौथं. तेच. हात थोडे खाली आलेले.

सहावं. ती पळत निघाली होती, माझ्याकडे.

खांद्यावर हलकेच हात पडला.

“दादा,” बुटकीचाच आवाज, अगदी लाडाचा. “कुलूप लाव ना. तीसच बरं.”