बाबांचा डावा कान

हे खरं घडलंय. खोटं सांगून मला काय मिळणार? उलट लोक माझ्या वडिलांकडे वेगळ्याच नजरेने बघतील, या भीतीने आजवर तोंड मिटून बसले होते.

गेल्या वर्षीचा एक रविवार. संध्याकाळची वेळ. आमच्या वस्तीच्या सभागृहात हौशी कलाकारांचा महोत्सव होता. दरवर्षी असतो. ज्याला जे येतं, त्याने ते करायचं. बालवाडीतल्या पोरी नाचतात. दातांच्या डॉक्टरीणबाई बासरी वाजवतात आणि आम्ही निमूट ऐकतो, कारण दात सगळ्यांनाच आहेत.

त्या वर्षी बाबांनीही नाव दिलं.

बाबा न्हावी. सगळं आयुष्य दुकानातल्या खुर्चीमागे गेलं. कात्री थांबेल, पण जीभ थांबायची नाही. मात्र अलीकडे ते विसरायला लागले होते. आधी गिऱ्हाइकांची नावं... मग घरी यायचा रस्ता.

डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार.

"ठमे," बाबा एक दिवस म्हणाले. मी चाळिशीची झाले, तरी त्यांची ठमीच. "सगळं पुसलं जायच्या आत एकदा स्टेजवर उभा राहतो. लोकांना मी हसवणारा आठवला पाहिजे. भिंतीकडे बघत बसलेला म्हातारा नको."

यावर मी नाही कसं म्हणणार?

एकपात्री बसवलं. एक रिकामी खुर्ची, खांद्यावर टॉवेल, हातात कंगवा. न दिसणाऱ्या गिऱ्हाइकाची हजामत करता करता बाबांनी बडबडायचं. पुढचं आठवलं नाही तर शर्टाच्या वरच्या बटणाला हात लावायचा, मग मी विंगेतून हळूच वाक्य द्यायचं. घरी तालमीत एकदाही अडचण आली नाही.

सभागृहाच्या स्टेजला विंग एकच. बाबांच्या उजव्या हाताला. डावीकडचा पडदा थेट भिंतीला टेकलेला. मागे माणूस सोडा, मांजरही मावणार नाही.

मी उजवीकडे कागद घेऊन बसले.

बाबांनी सुरुवात झकास केली. लोक पोट धरून हसत होते.

मग त्यांचा हात बटणाकडे गेला...

मी वाक्य दिलं.

बाबा तसेच उभे.

पुन्हा दिलं. जरा मोठ्याने.

काहीच नाही.

आणि मग मला आठवलं. बाबा उजव्या कानाने ठार बहिरे आहेत, अगदी लहानपणापासून! घरी मी समोर बसून वाक्य द्यायचे. त्यामुळे इथे त्यांचा कोणता कान माझ्याकडे येणार, हा विचार आम्हा दोघांच्याही डोक्यात आला नव्हता.

हसू थांबलं. सभागृहात कुणीतरी खोकलं. बाबांची बोटं अजून बटणावरच होती. ज्याला ते घाबरत होते, नेमकं तेच सगळ्यांसमोर होत होतं. मला रडू फुटायचं बाकी होतं.

तेवढ्यात... आवाज आला.

डावीकडून.

हळू. नुसत्या श्वासातला. माझ्या कागदावरचंच वाक्य, शब्दन् शब्द.

बाबांनी मान डावीकडे कलती केली, ऐकलं आणि वाक्य म्हटलं. लोक पुन्हा हसले.

क्षणभर वाटलं, कुणीतरी देवासारखं धावून आलं. पण वाक्यं लिहिलेला कागद एकच होता. तो माझ्या मांडीवर होता.

मी मान बाहेर काढून पाहिलं. पडदा भिंतीला टेकलेला. जरासुद्धा हलत नव्हता.

माझ्या शेजारी साउंड सांभाळणारा बसला होता. वस्तीत त्याला सगळे भोंगा म्हणतात. त्याने कानावरचा हेडफोन दाबला.

"ताई, दुसरा माईक कुणी चालू केला?"

"एकच तर आहे. बाबांच्या शर्टावर."

"मग हे कोण बोलतंय?"

त्याने हेडफोन काढला. त्या दिवशी तो पुन्हा घातला नाही.

आता बाबांचा हात बटणाकडे जातच नव्हता. आधी आवाज... मग बाबा. आधी आवाज... मग बाबा. मी कागदावर बोट सरकवत होते. शेवटची ओळ आली.

संपली.

आवाज थांबला नाही.

"उठू नका," बाबा खुर्चीला म्हणाले. "अजून झालं नाही."

हे आम्ही लिहिलं नव्हतं.

"मान खाली घ्या. हां, अशी. घाबरताय कशाला? मी आहे ना."

लोक हसत होते.

"तुम्ही काही आठवू नका आता. मी सांगत जाईन. तुम्ही नुसतं म्हणत जा."

"बाबा!" मी ओरडले. पण मी उजवीकडे होते. त्या हशात त्यांना ऐकूच गेलं नाही.

मी धावत स्टेजवर गेले. लोकांना वाटलं, लेक कौतुकाने आलीय. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी बाबांना गदागदा हलवत होते आणि समोर सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

"कोण होतं, बाबा? कोण सांगत होतं?"

बाबा गोंधळून म्हणाले, "कोण म्हणजे? तूच की."

दुसऱ्या दिवशी भोंग्याने आणि मी डावीकडचा पडदा सोडवला. मागे भिंत. तिच्यावर धूळ आणि कोळ्यांची न तुटलेली जाळी.

महोत्सवाच्या त्या संध्याकाळपासून बाबांचं विसरणं थांबलं. नावं आठवतात, रस्ते आठवतात. डॉक्टर चकित झालेत. दादा म्हणतो, स्टेजने जादू केली. घरात सगळे खूश आहेत. मी कुणाला काय सांगू?

कारण बोलण्याआधी बाबा दर वेळी मान डावीकडे कलती करतात... थांबतात... आणि मगच बोलतात. घरात मला काही ऐकू येत नाही. त्यांना येतं.

ठमे म्हणून हाक मारत नाहीत आता. मी कोण, असं विचारलं तर मान कलते, आणि मग उत्तर येतं, "तू माझी मुलगी." पाठ केल्यासारखं.

गेल्या आठवड्यात पुन्हा विचारलं. मान कलली.

बाबा थांबले...

थांबूनच राहिले.

माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघत होते. हळूहळू त्यांच्या डोळ्यांत भीती उतरली. आणि ज्या आवाजाने वर्षभर माझी झोप उडवलीय, त्याच्यापुढेच मी मनातल्या मनात हात जोडत होते.

सांग ना. जो कोणी असशील तो. सांग त्यांना, मी कोण आहे.