हातचे दिवस

वरोऱ्याच्या स्टँडवर गाडी थांबली, दाराची कडी खडखडली, तेव्हा कुठे संघप्रियाला जाग आली. डोकं खिडकीला टेकलेलं नव्हतं... शेजारच्या माणसाच्या खांद्यावर होतं. तिनं दचकून मान उचलली. बाहेर पाऊस लागलेला, आणि भद्रावती केव्हाच मागे पडलेली.

"भद्रावती गेलं?"

"गेलं," तो म्हणाला. सडपातळ, शांत माणूस. मांडीवर पाण्याची मोठी बाटली. "मले बी तिथीच उतराचं होतं."

"मंग उतरले काऊन नाई?"

"खांदा काढला असता तं तुमी उठल्या असत्या."

"उठवाचंच होतं ना."

"दोनदा मनात आलं. पण इतकं दमून कोनी झोपलं असलं, का..." तो जरा हसला. "नाई उठवल्या गेलं."

परतीच्या गाडीत कळलं की दोघांचा कारखाना एकच. भद्रावतीजवळच्या त्या कारखान्यात तान्ह्या लेकरांची झबली-टोपडी शिवली जात. संघप्रिया महिनाभरापूर्वी तिथं मर्चंडायझर म्हणून लागली होती. हेमराज तीन वर्षांपासून तेच काम करत होता. मधे सुट्टीवर होता, म्हणून गाठ पडली नव्हती.

ऑर्डर आली की कापड, बटणं, लेबलं, नमुने, शिलाई, सगळ्यांच्या मागे लागायचं आणि ठरल्या तारखेला माल गाडीत चढवायचा, हे मर्चंडायझरचं काम. संघप्रिया त्यात पार बुडाली होती. सकाळी आल्या आल्या मेल उघडायची, एकेकाला उत्तर देता देता दुपार व्हायची, आणि तिकडे कटिंगवाले तिच्या एका होकारासाठी हात बांधून बसलेले असायचे. मग मॅनेजर नानाजी सगळ्यांसमोर बोलायचे. उरलेलं काम ती घरी न्यायची, आणि झोप एसटीत व्हायची.

हेमराजनं तिचं टेबल दोन दिवस लांबून पाहिलं. मग स्टूल ओढून बसला.

"सकाळी मेल नको पाहू. तुयामुळं कोनाचं काम अडून हाये, ते आधी पाहाचं. त्याले मोकळं कराचं. मंग बाकीचं."

"अन् तारीख?"

"तारखेवरून उलटं चालत याचं. गाडी कवा निघते, मंग शिलाई कवा संपली पाह्यजे, मंग बटणं कवा आली पाह्यजे. उशीर होनार असला तं समोरच्याले लवकर सांगाचं. शेवटच्या दिवशी सांगतलेलं खरंबी बहाना वाटते." तो उठला, मग वळून म्हणाला, "अन् दोन-चार दिवस हातचे ठेवाचे. नेहमी."

"काऊन?"

"लागतात कधी कधी."

हळूहळू तिला जमू लागलं. कटिंगवाल्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. काम घरी जाईनासं झालं, आणि चारच्या चहाला शेडखाली उभं राहायला वेळ सापडू लागला. तिथं हेमराज असायचाच, पत्र्याच्या आत, पागोळ्यांपासून चांगला हातभर लांब.

"मासे धरनाऱ्याचं पोरगं अन् पान्याले भेते?" तिनं एकदा चिडवलं. त्याचे वडील आरमोरीकडे तलावात जाळं टाकत.

"बाबा पान्यातच राह्यतात. म्या माया वाट्याचं पानी बाटलीत भरून ठेवलं."

"इथी लोक वाघाले भेतात. तू पावसाले."

"वाघ कपडे वले नाई करत," तो म्हणाला, आणि किंचित पिवळसर डोळ्यांनी असा पाहात राहिला की तिलाच नजर खाली घ्यावी लागली.

एका रविवारी ती त्याला भद्रावतीच्या विजासन लेण्यांत घेऊन गेली. बुद्धमूर्तीपुढे ती वंदन करत होती तेव्हा तो मागे थांबला... तिच्या चपला कोरड्या जागी सरकवून ठेवत. बाहेर आले तर सर कोसळत होती. तो दारातच थबकला. तिनं हसून त्याचा हात धरला आणि ओढला. क्षणभर तो अडला. मग आला.

रस्त्यापर्यंत दोघं चिंब झाले. त्यानं हात सोडला नाही. बोटं मात्र थंडगार पडली होती.

सोमवारी तो कामावर आला नाही. फोनही बंद. नानाजींनी त्याची ऑर्डर संघप्रियाकडे दिली. ती घाबरतच त्याच्या टेबलाशी बसली, तर अडलेलं काहीच नव्हतं. नमुने मंजूर, बटणं आलेली, आठवड्याचं काम आधीच उरकलेलं. एखादा माणूस इतका पुढं का धावत असेल... पाण्याची बाटली, पावसाची धास्ती, डोळ्यांतली ती पिवळी झाक. तिचा भाऊ संघपालही असाच होता. ती दहावीत असताना तो सिकलसेलनं गेला होता; रक्ताचा आनुवंशिक आजार, थंडी-ओल लागली की हाडांत कळा उठवणारा. हेमराजमध्ये तिला सगळं दिसलं होतं. पाहायचं नव्हतं, एवढंच.

तिच्यासाठी थांबलेल्यांना तिनं मोकळं केलं, नानाजींना सांगितलं आणि चंद्रपूरचं, संघपालला नेहमी नेत ते हॉस्पिटल गाठलं.

तो गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. हाताला सलाईन.

"कोनी सांगतलं?"

"कोनी नाई. माया भाऊ असाच निजे."

"सांगनार होतो."

"कवा? साऱ्या दुनियेले उशीर आधी कळवते तू. अन् मले?"

"तुले सांगतलं असतं, तं तू हात धरला नसता."

"पावसात नसता धरला." तिनं त्याची चादर वर ओढली. "घरात धरला असता."

त्याच्या ओठांवर हसू आलं, आणि दुखण्यानं लगेच पुसलं गेलं.

"पन माह्यं बी ऐकून घे," ती म्हणाली. "मी वाहक हाये. तपासलं तवा निंगालं."

त्यानं तोंड भिंतीकडे केलं. याचा अर्थ दोघांनाही ठाऊक होता. मूल झालं तर त्याच्यासारखंच होण्याचा धोका, दरवेळी, अर्धाअर्धा.

"मंग नाई. जा तू."

"मले मूल नाई पाह्यजे, हेमराज."

"आज नाई पाह्यजे. रोज झबली हातात घेत घेत, किती वर्षं नाई म्हनशीन?"

ती गेली नाही. स्टूल ओढून खाटेशी बसली.

घरी तिनं आईला सांगितलं. ठमाबाईनं ताट बाजूला सारलं. "एक लेकरू म्या या बिमारीत याच हातानं पोचवलं. आता जावईबी तसाच?"

पुढे दोन दिवस माय-लेकी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी ठमाबाई स्वतःच वॉर्डात आली. नाही म्हणायलाच आली होती. पण त्याच वेळी हेमराजचं दुखणं पुन्हा उठलं होतं. ओरडू नये म्हणून त्यानं चादरीचं टोक दातांत धरलं होतं, आणि संघप्रिया गरम पाण्याची पिशवी घेऊन नुसती उभी होती.

ठमाबाई पाहात राहिली. मग तिनं पदर खोचला, पिशवी लेकीच्या हातातून घेतली आणि त्याच्या गुडघ्याखाली सरकवली. पायथ्याशी बसून ती त्याच्या पोटऱ्या हलक्या हातानं चोळत राहिली. कळ ओसरली तेव्हा तिचे स्वतःचे डोळे वाहात होते.

"मी हो नाई म्हनत," ती लेकीला म्हणाली. "नाई म्हनाले आली होती, तेबी आता जमत नाई." आणि तोंडावर पाणी मारायला बाहेर गेली.

हेमराजचे डोळे मिटलेले होते, पण तो जागा होता.

"प्रिया... मले भेव वाटते."

"मलेबी वाटते."

"तरी?"

"तरी."

तो मोठ्या कष्टानं जरासा सरकला, आणि खाटेच्या काठावर तिला बसण्यापुरती जागा केली.