सतरा नंबरची सुट्टी

विश्वास ठेवा नाईतर नका ठेवू, पण हे माह्या घरातलं आहे. याच जानेवारीतलं, हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमधलं. अन् रात्रीचं नाई, भर दुपारचं.

मी जया. जिनिंगच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. कोणत्या मशीनवर आज कोण, ते माही शीट सांगते. टोकन नंबर टाकला की फॉर्म्युला कामगारांच्या यादीतून नाव शोधून आणते. फाईल लय जड, म्हणून कॅल्क्युलेशन मॅन्युअलवर ठेवलं. यादीत काहीही बदला, एफ नाइन दाबल्याशिवाय शीटवरचं नाव हलत नाई.

सतरा नंबरचं टोकन माह्या बाबाचं होतं. चंद्रभान. सारा जन्म एकाच मशीनवर गेला. दिवाळीत झोपेतच गेले.

त्यांचं टोकन त्यांच्या जागी आलेल्या राकेशले दिलं. यादीत मी राकेशचं नाव टाकलं.

पण एफ नाइन काही दाबवेना.

बाकीची बदललेली नावं मी हातानं टाइप करत राह्यली. मान मोडून जाये. पण सकाळी शीट उघडली की बाबाचं नाव दिसे. तेवढंच बरं वाटे.

एका दुपारी राकेश ऑफिसात आला. तोंड पार उतरलेलं.

"ताई, मशीनपाशी कोणीतरी राह्यते."

मशीन बंद केली की मागून धापा ऐकू येतात म्हणे... वळून पाह्यलं तर कोणीच नाई. नुसता स्टूल गरम.

मी त्याले पाणी दिलं. तो प्याला नाई.

"आज कानापाशी बोललं, ताई. म्हणे... जयूले सांग, माही सुट्टी काऊन होऊन नाई राह्यली?"

मग त्यानं मलेच विचारलं, "हे जयू कोण?"

जयू मले फक्त बाबा म्हणत. तेही घरातच.

तो गेल्यावर मी शीट उघडली. मग रडत रडत एफ नाइन दाबलं.

सतरापुढं राकेशचं नाव आलं.

संध्याकाळी घरी गेली तर आई दोन कपांत चहा ओतून राह्यली होती. मी एक उचलाले गेली.

"तो तुहा नाई," आई म्हणाली. "तुहे बाबा दुपारीच आले. लय थकून गेलते. झोपू दे त्याईले."

आतल्या खोलीत खाट वाजली...

राकेशले आता काही ऐकू येत नाई. आमच्याकडं मात्र रोज एक कप जास्त मांडावा लागते. तो रिकामा होते. मी तो धुऊन ठेवते.

आतल्या खोलीत मी अजून गेली नाई.