एक फुटाचं इंजिन

"इंजिन रंगवून मिळेल का?"

मी मान वर न करता विचारलं, "किती फुटांचं?"

"एक फूट."

"बसलेलं की उभं?"

हमरापूरच्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात गिऱ्हाईक आलं की हेच विचारायचं, ही जनूकाकाची शिकवण. मग मी ब्रश ठेवून पाहिलं. एक तरुण, कपाळावर घाम, आणि छातीशी चपलांचा खोका... आत तान्हं मूल असावं असा धरलेला.

"उभं," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "बसलं तर चालणार कसं?"

झालं. मला त्याच क्षणी कुणीतरी आवरायला हवं होतं. पण काका चहाला गेला होता.

ही गोष्ट फेब्रुवारी पंच्याण्णवची. हा नथानियल रोह्याजवळ वरसे गावात राहायचा, एका कंपनीत शिफ्ट करायचा. त्याच्या मामाने इंग्लंडहून इंजिनाचा किट पाठवला होता: पितळेचे पत्रे, चाकं, मुठीएवढा तांब्याचा बॉयलर आणि चार पाकिटं स्क्रू. जुळवलं की खऱ्या वाफेवर चालणारं. किटात होतं साहेबाच्या देशातलं इंजिन. नथानियलला हवं होतं माथेरानचं, लहानपणी पाहिलेलं. म्हणून त्याने छप्पर वाढवलं, पुढची जाळी डालड्याच्या डब्यातून कापली, टॉर्चचा बल्ब दिवा म्हणून बसवला. स्प्रे-गनने रंग मारून कोण देईल, असं पेणच्या दुकानात विचारलं, तर दुकानदाराने त्याला देवांच्या गावी धाडलं.

पहिल्या रविवारी त्याने नुसतं छप्पर आणलं. दुसऱ्या रविवारी धुराडं.

"सगळं एकदम का नाय आणत?"

"एकदम आणलं तर... एकदाच यावं लागेल."

मी धुराड्याला डोळा लावून आत पाहत राहिले. आत बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"मग शनिवारीपण ये की," मी म्हणाले.

"शनिवारी आम्ही स्क्रूसुद्धा पिळत नाही. शब्बाथ असतो, आम्हा ज्यूंचा विश्रांतीचा वार."

"आमच्या काकाचा रोजच असतो."

तो हसला. त्याचं हसणं मोकळं, कारखान्यात घुमणारं... ते ऐकायला मी आठवडाभर विनोद जमवून ठेवू लागले.

"गो दिपे," एकदा काका म्हणाला, "त्या इंजिनाचं अजून किती हाय?"

"डबा हाय ना रंगवायचा."

"डबा किटात नाय."

काकाने किट उघडून पाहिलाय, हे मला त्या दिवशी कळलं.

एप्रिलच्या शेवटी इंजिन जुळलं. हिरवंगार, लाल पट्टा, गणपतीच्या मुकुटातून उरलेली सोनेरी रेघ. वरशाला त्याच्या अंगणात रुळांचं वर्तुळ मांडलं होतं. त्याची आई, मिरियममावशी, खुर्ची टाकून बसल्या. नथानियलने गॅरेजमधून आणलेलं, बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी सिरिंजने बॉयलरमध्ये भरलं, खाली स्पिरिट पेटवलं. आम्ही दोघं उकिडवे बसलो... खांद्याला खांदा, मध्ये फार तर एक पोस्टकार्ड मावलं असतं.

इंजिन शिंकलं. मग निघालं—छुक, छुक—धुराड्यातून गरम पाणी उडवत. दुसऱ्या फेरीला हिरवा रंग ओघळायला लागला. तिसऱ्या फेरीला लाल पट्टा चाकांत गेला. पाचव्या फेरीला इंजिन जन्मलं तेव्हासारखं उघडं झालं आणि तशाच अवस्थेत निर्लज्जपणे फिरत राहिलं.

आमचे रंग पाण्यात कालवलेले. मूर्ती शेवटी पाण्यातच जायची, तिला ऑइलपेंट कशाला? हे मला जन्मापासून माहीत होतं. इंजिनाला पाणी लागतं, हेही दोन महिने माहीत होतं. या दोन गोष्टींची एकमेकींशी ओळख मात्र मी कधी करून दिली नव्हती.

"पुन्हा रंगवायला किती रविवार लागतील?" नथानियलने विचारलं.

"आठ." खरं तर एक तास.

तो इंजिनाकडेच पाहत राहिला. "पुढच्या रविवारी आम्ही इस्रायलला निघतोय... कायमचे. तिकिटं आली काल. पण तू म्हणालीस तर—मी माझं रद्द करतो. थांबतो."

त्यांची तिकडे जायची कागदपत्रं चालू आहेत, हे ठाऊक होतं. ती संपतात, हे नव्हतं. मला 'थांब' म्हणायचं होतं. पण घाबरले की मला विनोद होतो, काहींना शिंका येतात तसा.

"आमच्याकडे पाहुणा फार तर दहा दिवस ठेवतात," मी म्हणाले. "मग वाजतगाजत पाण्यात सोडतात."

मिरियममावशी पदर तोंडाला लावून हसल्या. तोही हसला... जरा उशिरा. "बरं," म्हणाला, आणि फडक्याने इंजिन पुसायला लागला.

तो आठवडा मी कसा काढला, ते काकाला विचारा. एका गणपतीला त्याने माझ्या हातून तीन वेळा सोंड रंगवून घेतली.

रविवारी ऑइलपेंटचा डबा घेऊन मी वरशाला पोचले. दारात जीप, अंगणात पाच बॅगा.

"थांब," मी म्हणाले. "जाऊ नकोस, नथानियल."

त्याने माझ्याकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं, आणि तो हसला. तेच, घुमणारं.

"गाडी दारात उभी असताना! दिपिका, तू ना... शेवटपर्यंत विनोद सोडू नकोस हं."

"अरे, खरंच सांगत्ये."

"हो, हो. खरंच." त्याने डोळे पुसले. हसून की कशाने, मी विचारलं नाही.

मग मी पायरीवर बसले आणि इंजिन रंगवलं. हिरवं, लाल पट्टा. एक तास लागला. तो बॅगा बांधत होता. घड्याळाकडे फक्त मी पाहिलं.

जीप सुरू झाली. तो पुढे बसला, मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर इंजिन.

"उद्यापर्यंत हात लावू नकोस," मी म्हणाले. "रंग ओला आहे."

त्याने चटकन दोन्ही हात वर उचलले, पोलिसांनी पकडल्यासारखे. जीप वळणाआड जाईपर्यंत ते तसेच वर होते.

माझं एवढं एकच वाक्य त्याला खरं वाटलं.