पिवळ्या डागांचा माग

तेराव्या साडीवरही डाग निघाला.

भीमाबाईंनी ती उन्हाकडे धरून पाहिली. पांढऱ्या सुती साडीच्या काठाजवळ चहा सांडल्यासारखे पिवळट ओघळ होते. दोरीवरच्या बारा साड्यांची तीच गत होती. परवा बुद्धपौर्णिमा. या साड्या नेसून वस्तीतल्या बायका मिरवणुकीने विहारात जाणार होत्या. साड्या धुवायचं काम भीमाबाईंनी स्वतःहून मागून घेतलं होतं. छत्तीसगडमधल्या चरोद्याच्या त्या गल्लीत सगळ्यांच्याच विहिरींच्या पाण्यात लोह होतं आणि ते काढणारा फिल्टर फक्त त्यांच्या घरी होता.

"आता त्या बायकांले मी काय तोंड दाखवू?" त्या म्हणाल्या आणि दगडावरच बसल्या.

त्यांची नात दामिनी भिलाईहून सुट्टीला आली होती. तेरा वर्षांच्या या मुलीला मुळातच एका जागी बसवत नसे. ती दोरीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे फेऱ्या मारू लागली. तिच्या मागे तिची चुलतबहीण साक्षी, अकरा वर्षांची, आणि शेजारच्या रेल्वे क्वार्टरमधला अभिनव.

दुपारी मिस्त्री आले, भैय्याजी. त्यांनी फिल्टरच्या उंच निळ्या टाकीवर दोन टिचक्या मारल्या आणि आतली वाळू कामातून गेली आहे, नवी भरायला आठवडा लागेल, असं हिंदीत सांगून ते निघून गेले. साक्षीचे बाबा, प्रेमानंदकाका, रसमड्याच्या कारखान्यातून नुकतेच परतले होते. त्यांनीही मान हलवली. बळीराम आजोबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सहा आठवड्यांपूर्वी नागपूरला गेले, तेव्हापासून फिल्टरची देखभाल प्रेमानंदकाकांकडेच होती. दर रविवारी मी बॅकवॉश केला, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुतली, असं ते म्हणाले. तेवढं सांगून ते कूलरसमोर जाऊन आडवे झाले.

दामिनीला हे पटेना. भैय्याजींनी टाकी उघडलीसुद्धा नव्हती. मग वाळू गेली हे त्यांना कळलं कसं?

"तीन ग्लास आण," अभिनव म्हणाला. "विहिरीचं पानी काढल्या काढल्या साफच दिसते. पिवळं होते ते हवा लागल्यावर. ठेवून देखते हैं ना."

एका ग्लासात त्यांनी विहिरीचं पाणी घेतलं. दुसऱ्यात फिल्टरमधून गाळलेलं पाणी बाहेर पडतं तिथल्या छोट्या तोटीचं. ती तोटी इतकी हळू गळत होती की ग्लास भरेपर्यंत दामिनीने चार वेळा पाय बदलले. तिसऱ्यात धुण्याच्या नळाचं. तिन्ही ग्लास कुंपणाच्या भिंतीवर ठेवले. आता थांबायचं होतं, आणि तेच दामिनीला जमत नव्हतं. ती दर पाच मिनिटांनी उठून बघून येई. पाऊण तासाने विहिरीचा ग्लास पिवळा झाला. नळाचाही झाला, जरा फिका. मधला मात्र तसाच नितळ राहिला.

"म्हणजे फिल्टर चांगला हाये," दामिनी हळूच म्हणाली. "बिनगाळलेलं पानी दुसरीकडून येऊन राहिलं."

तिघांनी पाइप धरून माग काढायला सुरुवात केली. फिल्टरच्या मागे कूलरच्या जुन्या वाळ्याच्या ताट्या रचलेल्या होत्या. त्या हलवताच वाळा झडून अंगभर चिकटला. मागे भिंतीलगत एक आडवा पाइप होता, विहिरीचं पाणी फिल्टरला वळसा घालून थेट गच्चीवरच्या टाकीत नेणारा. त्यावरचा व्हॉल्व्ह अर्धा उघडा होता.

तो कोणी उघडला, हे कोणी विचारण्याआधीच साक्षीचा चेहरा उतरला. ती घराच्या मागच्या नालीपाशी गेली. बॅकवॉशचं लाल पाणी तिथेच पडत असे. नाली कोरडी होती. पाइपच्या तोंडावर कोळ्याचं जाळं होतं, चांगलं जाड, मध्ये दोन वाळलेल्या माश्या अडकलेलं. या पाइपातून कित्येक दिवसांत पाणी गेलं नव्हतं.

"बाबांनी खोटं सांगतलं," ती म्हणाली.

 आपण आजीला सांगू, काकांचं नाव घ्यायला नको, असं दामिनीने सुचवलं. अभिनवही म्हणाला की व्हॉल्व्ह गुपचूप बंद करून टाकू. साक्षीने दोघांचंही ऐकलं आणि नकाराची मान हलवली. मग ती सरळ घरात गेली. मागोमाग हे दोघे.

"बाबा, त्या पाइपाच्या तोंडाले जाळं लागलं हाये. तुमी बॅकवॉश केलाच नाही."

प्रेमानंदकाका उठून बसले. आधी ते रागावले, पोरांनी उगाच नाक खुपसू नये म्हणाले. पण साक्षी तिथून हलली नाही, रडलीही नाही. शेवटी त्यांची नजर खाली गेली. पहिल्या रविवारी ओव्हरटाइम होता, दुसऱ्या रविवारी विसरले. मग गाळ साचून पाण्याची धार बारीक झाली, कूलर भरायला वेळ लागू लागला, म्हणून त्यांनी मागचा व्हॉल्व्ह उघडला. त्या पाण्यात आई साड्या धुणार आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बोलता बोलता ते ताडकन उठून फिल्टरपाशी गेले आणि वरचं हँडल दाबून फिरवू लागले. मोटर चालूच होती.

"काका, थांबा!" दामिनी धावली आणि तिने मोटरचं बटण बंद केलं. चालत्या पाण्यात हँडल फिरवलं तर आतलं रबर फाटतं, हे आजोबांनी तिला दिवाळीत शिकवलं होतं. काकांनी हात मागे घेतला. मग तिने सांगितलं तसं एकेक केलं. मागचा व्हॉल्व्ह बंद. हँडल बॅकवॉशवर. मग मोटर चालू.

नालीत पडलेलं पाणी विटांची पूड कालवल्यासारखं लाल आणि दाट होतं. दहा मिनिटं तसंच येत राहिलं आणि तेवढ्यात वीज गेली.

ती दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला आली. साड्या न्यायला बायका चारला येणार होत्या. तोवर भीमाबाईंनी शेजारणीच्या सांगण्यावरून एका साडीला ब्लीचिंग पावडर लावली होती आणि डाग आणखी तांबूस झाला होता. उरलेल्या साड्यांना त्यांनी लिंबू आणि मीठ चोळायला घेतलं. अभिनव लिंबांसाठी सायकलवरून बाजारात दोनदा जाऊन आला. नालीतलं पाणी लाल, मग चहासारखं, मग नितळ झालं. मोटर थांबवून हँडल रिन्सवर, म्हणजे उरलासुरला गाळ धुऊन काढायला, नेलं आणि शेवटी तसंच फिल्टरवर. वरच्या टाकीचा गाळ काकांनी स्वतः उपसला. साक्षी गच्चीवर त्यांना बादल्या देत राहिली. डोक्यावर मे महिन्याचं ऊन होतं, पण ती सावलीत गेली नाही.

एक वाजता नळाला जोरदार धार आली. दामिनीने ग्लास भरला आणि या वेळी पूर्ण पाऊण तास हातात धरून बसली. पाणी पिवळं झालं नाही. मगच तिने धुवायला हो म्हटलं. चारला तीन मिनिटं कमी असताना शेवटच्या साडीची घडी झाली. ब्लीचिंगची साडी तेवढी डागाळलेली राहिली. ती भीमाबाईंनी स्वतःसाठी ठेवली आणि तिच्या मालकिणीला आपली दिली.

पौर्णिमेला बळीराम आजोबा डोळ्यावर हिरवी पट्टी लावून नागपूरहून आले ते थेट विहारात. वंदना झाली, खीर वाटली गेली, आणि प्रेमानंदकाकांनी सगळ्यांसमोर आपल्या वडिलांना झालेलं सांगितलं. काही लपवलं नाही.

आजोबांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला, सावकाश प्यायले. दामिनी आणि अभिनवच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले की भैय्याजींपेक्षा तुमचे तीन ग्लास शहाणे निघाले. मग त्यांनी साक्षीला पुढे बोलावलं.

"रेल्वेच्या यार्डात मी चाळीस वर्सं काढली. गडबड झाली की जो तो दुसऱ्याचं नाव सांगते. या पोरीनं आपल्या बापाले तोंडावर सांगतलं, अन् मंग त्याच्यासंगं उन्हात उभी राहिली. दोन्ही करनं सोपं नसते बाप्पा."

साक्षी मान खाली घालून उभी होती. प्रेमानंदकाकांनी सतरंजीवर जरा सरकून आपल्या बाजूला जागा केली. ती जाऊन तिथे बसली आणि आपली खीर त्यांच्या वाटीत अर्धी ओतली.