बांधलेली खुर्ची

चौऱ्याहत्तर सालची होळी नुकतीच होऊन गेली होती. मिरजेहून निघालेली अख्तर तासगाव, विटा करत एस.टी.नं आटपाडीला परत चालली होती. काम तसं किरकोळ होतं. नाटक मंडळीच्या ऑर्गनचा एक सूर बसला होता, काळी चारचा. माहेर मिरजेत, बाप चांदसाहेब तंबोऱ्याचे भोपळे घासणारा, तेव्हा सूर नीट करून आणायला तिच्याशिवाय कोण जाणार? त्या सुराची बोटाच्या पेराएवढी पितळी पट्टी कागदाच्या पुडीत होती. विट्याच्या पुढं रस्ता उजाड झाला, झाडं संपली, खिडकीतून फुफाटा आत यायला लागला, तशी तिनं पुडी पदराच्या टोकाला बांधून टाकली.

बावीस वर्षांची होती अख्तर. सांगलीच्या कॉलेजातून बी.ए. झालेली. आठ महिन्यांपूर्वी मंडळीची नायिका लग्न करून गेली आणि मालकांनी हिला घेतलं, कारण हिचा आवाज एकदा ऐकला की माणूस चहाचा कप खाली ठेवून ऐकायचा. नाव मात्र त्यांना बदलायचं होतं. "कुमारी अनुराधा, कसं झोकदार वाटतंय," मालक म्हणाले. अख्तरनं रंगाऱ्याच्या हातातला ब्रश घेतला आणि बोर्डावर स्वतःच्या हातानं लिहिलं : अख्तर. अक्षर थोडं वाकडं आलं, पण ते तसंच राहिलं.

दुपारी एकला ती थेटरात पोचली. थेटर कसलं, पत्र्याची लांबलचक शेड. विजेची कपात चालू होती, म्हणून रात्रीचा खेळ दुपारी तीनला ठेवला होता. बाहेर ऊन डोळ्यांत खुपत होतं आणि आत काळोख. पत्र्याला खिळ्यांची भोकं पडली होती, त्यांतून उन्हाच्या काड्या तिरक्या उतरल्या होत्या. मातीवर मारलेल्या पाण्याचा वास येत होता, गॅसबत्तीच्या रॉकेलचाही.

ज्ञानूमास्तर ऑर्गन उघडून बसले होते. सूर हातात घेऊन ते बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले.

"दरसाल ह्योच सूर बसतोय," ते म्हणाले. "आन दरसाल आटपाडीतच."

"मग दरसाल दुरुस्त करायचा," अख्तर म्हणाली. "एवढं तोंड पाडायला काय झालं?"

मास्तरांनी पट्टी खोबणीत बसवली.

पहिल्या रांगेच्या टोकाला ती खुर्ची मांडलेली होतीच. मंडळी जाईल तिथं पडद्यांबरोबर, पेटाऱ्यांबरोबर ट्रकमधून ती खुर्ची जायची. सागवानी, हातांवर पोपट कोरलेले. दोन्ही पोपटांच्या गळ्यांतून काथ्याची दोरी आडवी बांधलेली, कुणी बसू नये म्हणून. बैठकीवर रोज एक विडा ठेवायचा. ही थोरल्या मालकांची, लालासाहेबांची जागा. ते जाऊन वीस वर्षं झाली होती, पण त्यांचा मुलगा आप्पासो, म्हणजे आत्ताचे मालक, आधी खुर्चीला नमस्कार करायचे आणि मग नटराजाला.

दुसरीही एक रीत होती मंडळीत. तिसऱ्या अंकाच्या शेवटी नायिका राजवाडा सोडून जाते, तेव्हाचं पद : "जाते मी रे, नको हाक मागुनी." अख्ख्या नाटकात जीव असलेली जागा ती एकच. पण शेवटचा सूर लागतोय न लागतोय तोच पडदा धाडकन खाली यायचा आणि मास्तर ऑर्गन मोठ्यानं वाजवायचे. टाळीला जागा नाही, वन्समोअरला तर नाहीच. आठ महिने अख्तर त्या पडद्यावर दात खात होती. पदाचा शेवटचा षड्ज असा हळूहळू विरत न्यायचा असतो, तिथं हे लोक गोणी आपटल्यासारखा पडदा आपटायचे. विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच. रीत हाय.

रंगपटात राहीबाई तिचा शालू नेसवत होती. राहीबाई कपडेपट सांभाळायची. पन्नाशीची, उंच, अजून रेखीव. फक्त तिला आवाज नव्हता. ती बोलायची ते पाचोळ्यावरून पाय ओढत जावं तसं.

"आज पडद्याकडं ध्यान ठेव पोरी," ती निऱ्या खोचता खोचता म्हणाली.

"का? आज काय आहे?"

"हितंच झालं हुतं. ह्याच गावात... हरणाबाईचं."

अख्तरनं हे नाव कधी ऐकलं नव्हतं. कुणाच्या तोंडात नाही, भिंतीवरच्या एकाही फोटोखाली नाही.

"एकतीस वर्सं झाली. ह्येच पद म्हनायची. आंगात ताप, उबं ऱ्हायची सोय न्हाई. आन थोरलं मालक त्या खुर्चीत. वन्समोअर पयला त्येच द्यायचे, म्हंजे मग लोक देत्यात. त्या दिशी आकरा डाव दिला. आकरा डाव म्हनली ती. बाराव्याला आंतऱ्यात पडली... ती उठलीच न्हाई." राहीबाईनं दातात धरलेली टाचणी काढून पदराला लावली. "मालक खुर्चीतनं म्हनाले, तिला आत घ्या आन फुडचा परवेश लावा."

"आणि पडदा?"

"मालक गेल्यावर. पद झालं की आवाज याया लागला. खुर्चीतनं. म्हनून पडदा पाडायचा, त्यो बोलायच्या आत."

अख्तर हसली. मोठ्यानं हसली. "राहीआक्का, बोलायच्या आत पडदा पाडला तर आवाज येतो हे कळलं कुणाला?"

राहीबाईनं तिच्याकडं आरशातून पाहिलं.

"चौदा वर्सं झाली, कऱ्हाडला पडदा आडाकला एकदा," ती म्हणाली. "तवा नायकीन मी हुते."

अख्तरचं हसू ओठावरच थांबलं.

"एकुनीस डाव म्हनले. लोक खूष. टोप्या उडवल्या. पहाटं गळ्याला हात लावला तर... आत काय न्हाईच."

"तू 'नाही' का म्हणाली नाहीस?"

"वन्समोअरला न्हाई म्हनायचं आसतं व्हय गं?" राहीबाई खरोखर नवल वाटून म्हणाली. "आमाला कुनी शिकवलंच न्हाई तसं."

अख्तर तशीच निघाली. अर्धा शालू हातात धरून ती आप्पासोंच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. खुर्चीतल्या आवाजावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पण राहीबाईचा गळा तर तिच्या डोळ्यांपुढं होता.

"मालक, ती खुर्ची आज बाहेर ठेवा."

"वडलांची बैठक हाय ती."

"राहीआक्कांच्या गळ्याचं काय?"

"आवं, कलावंताचा गळा मायबाप रसिकांचा आसतोय. दोन बुकं शिकून आमाला शानपन शिकवाया लागली."

"दोन नाही, पंधरा यत्ता शिकलेय. आणि गळा माझा आहे, माझ्या बापाचासुद्धा नाही."

आप्पासो पानाची पिंक टाकायला वळले. म्हाताऱ्या माणसांचं हे एक बरं असतं, उत्तर नसलं की पिंक टाकता येते.

तीनला घंटा झाली. बाजाराचा दिवस, थेटर खच्चून भरलेलं. माणसं पाट्या आणि पिशव्या पायांत घेऊन बसली होती. पहिला अंक रंगला, दुसरा बरा गेला. तिसऱ्या अंकात शिरण्याआधी अख्तर पडद्याच्या खांबाकडं गेली. पडदा ओढणारा पाणी प्यायला गेला होता. तिनं दोरीला एकावर एक तीन गाठी मारल्या आणि त्या दातांनी आवळल्या. आज माझा षड्ज पुरा होणार, मग कुणाला बोलायचंय ते बोलू दे.

पद सुरू झालं. "जाते मी रे..." पोरंसुद्धा रडायची थांबली. उन्हाच्या काड्या आता आडव्या झाल्या होत्या आणि त्यांतली धूळ जागच्या जागी उभी होती. अंतरा झाला. ती षड्जावर आली आणि तिनं तो आस्ते आस्ते बारीक करत नेला, अगदी केसाएवढा. विंगेत कुणीतरी दोरी ओढत होतं, शिव्या देत होतं. गाठी हलल्या नाहीत.

सूर संपला.

कुणी टाळी वाजवली नाही. सगळं थेटर श्वास धरून बसलं होतं. आणि जर्द्याचा वास आला... जुना, दमट, बंद पेटीतल्यासारखा. अख्तरची नजर पहिल्या रांगेच्या टोकाला गेली. दोरी जागेवर होती. विडा नव्हता.

"वन्स... मोअर."

तोंडात पान असलेल्या माणसाचा तो आवाज होता. मोठा नव्हता, सवयीचा होता.

आणि मग थेटर फुटलं. वन्समोअर! वन्समोअर! मास्तरांचे हात ऑर्गनवर चालायला लागले. मास्तर मान हलवत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, हात थांबत नव्हते. अख्तरनं ओठ घट्ट मिटले. पण गळा आतून वर आला, ओठ उघडले, आणि पद सुरू झालं. ती म्हणत नव्हती. तिच्याकडून म्हणवून घेतलं जात होतं.

दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. दर वेळी शेवटच्या सुराला तोच वास आणि तेच दोन शब्द. लोक खूष होते, एकानं फेटा उडवला. पाचव्या वेळी तिला जिभेवर लोखंडाची चव लागली. सातव्याला तिच्या सुराच्या खालून दुसरा एक बाईचा सूर यायला लागला, तापलेला, धापा टाकणारा, अंतऱ्यापाशी येऊन अडखळणारा. हरणाबाई अजून बारावं पुरं करत होती. एकतीस वर्षं.

त्या धापा ऐकल्या आणि अख्तरचं भय गेलं. राग आला. असा राग की टाळू तापला. गळा त्याच्या हातात होता, पण पाय तर माझेच आहेत की, तिच्या मनात आलं.

ती गातगातच पायऱ्या उतरली. लोकांना वाटलं नवीन काहीतरी आहे, त्यांनी वाट दिली. खुर्चीपाशी आली. पोपटांच्या गळ्यातली दोरी तिनं हिसका देऊन तोडली, तळहात सोलला. बैठक उबदार होती, कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी. तिला शिसारी आली. तरी ती बसली. पाठ टेकून, पायावर पाय टाकून, थोरले मालक जसे बसत असतील तशी.

बसताक्षणी गळा सुटला. पद मध्येच तुटलं.

समोर रिकामा रंगमंच होता. गॅसबत्तीच्या उजेडात दोन रंगवलेले खांब आणि मध्ये कुणीच नाही.

"नाही," अख्तर म्हणाली. आवाज चिरका आला, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "मी गाणार नाही. आता तू गा."

मग मंचाच्या मधोमध, जिथं नायिका उभी राहते नेमकी तिथं, फळी करकरली. कुणीतरी जड माणूस उभा राहिल्यासारखी.

"जा...ते मी..."

घोगरा, बेसूर, पुरुषाचा आवाज. लोक हसले. त्यांना वाटलं फार्स आहे. मग पुढच्या रांगा हसायच्या थांबल्या, मग त्यांच्या मागच्या. आवाज धापा टाकत अंतऱ्यापर्यंत आला आणि तिथं अडकला. "हाक... हाक मा..." तिथून पुढं त्याला जाता येईना. तो थांबला. एखादं माणूस हात जोडून उभं राहावं तशी ती शांतता होती. सगळं थेटर अख्तरकडं बघायला लागलं.

पण बोलली ती नाही. विंगेतून आवाज आला, स्वच्छ, खणखणीत, घुंगरासारखा. चौदा वर्षं कुणी न ऐकलेला.

"वन्समोअर!"

राहीबाई टाचण्यांची डबी छातीशी धरून उभी होती. "म्हना की मालक! वन्समोअर!"

आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

माणसं केव्हा उठली, पाट्या-पिशव्या टाकून केव्हा पळाली, हे नंतर कुणालाच नीट सांगता आलं नाही. आप्पासो पायरीवर डोकं धरून बसले होते. बाहेर ऊन मावळेपर्यंत अख्तर त्या खुर्चीत बसून होती. पत्र्याच्या आत बाराव्या खेपेला फळी एकदा जोरात वाजली, कुणी कोसळावं तशी. मग शांत झालं. त्या धापा टाकणाऱ्या बाईचा सूर मात्र केव्हाच थांबला होता. सुटला म्हणा.

संध्याकाळी ट्रक भरताना राहीबाई सगळ्यांशी बोलत सुटली होती, उगीचच, हमालांशी, बैलांशीसुद्धा. आवाज टिकला होता. अख्तर पायरीवर बसून सोललेल्या तळहातावर पाणी घेत होती.

"गळा कसा हाय पोरी?"

"उत्तम." तिनं षड्ज लावून दाखवला. खरंच उत्तम होता.

"आन पान कवापासनं खाया लागलीस?"

"पान? मी? आयुष्यात नाही खाल्लं."

राहीबाईनं शालूच्या पेटीतला हातआरसा तिच्यापुढं धरला. अख्तरनं जीभ बाहेर काढली. रक्ताचा लाल नव्हता तो. काताचा होता, पिकलेला, वीस वर्षांच्या सवयीचा. तिनं चूळ भरली, पुन्हा भरली. रंग गेला नाही.

तिनं आरसा पालथा ठेवला.

"खुर्ची जाळायची न्हवं?" हमालानं विचारलं. "मालक जाळा म्हनलेत."

अख्तर त्या खुर्चीकडं वळली. दोरी नसलेले ते दोन पोपट तिच्याकडं बघत होते.

"राहू दे," ती म्हणाली. "उद्या विट्याला मांडा. पहिल्या रांगेत, टोकाला."

"कुनासाठी?"

"माझ्यासाठी," ती म्हणाली. तो शब्द तोंडातून निघाला तेव्हा किंचित जड निघाला, गालात विडा धरल्यासारखा.